दोन मासे महादेवचे

टोपलीत चार रोहू होते आणि काठावर माणूस एकच होता. म्हणजे दोन मासे जास्त. हे सांगायला अधिकारी लागत नाही.

मी तेव्हा नागपूरच्या मत्स्य कार्यालयात होतो. मौद्याच्या पुढचा एक तलाव आमच्याकडे होता. तिथे गळ टाकायला सीझनचा परवाना मिळायचा. एका परवान्यावर दिवसाला दोन मासे, पण परवानाधारक स्वतः हजर हवा. मोजायचं ते माणसामागे, काठीमागे नाही. आमिष फक्त कणकेचं. गांडूळ, बेडूक, लहान मासोळी असलं जिवंत आमिष बंद. लोक कणकेच्या गोळ्यात गांडूळ लपवतात, म्हणून इन्स्पेक्शनला गेलं की गोळा फोडून बघायचा. देवराव नावाचा शेतकरी रोज चार मासे नेतो, अशी मच्छीमार संस्थेची तक्रार होती.

"दोन माहे हायेत, दोन महादेवचे," देवराव म्हणाला. महादेव त्याचा धाकटा भाऊ. त्याने दोन परवाने काढून दाखवले. दोन्ही चालू सीझनचे, दोन्हींवर आमच्याच ऑफिसचा शिक्का.

"मग महादेव कुठे आहे?"

"येऊन राहिला."

असली उत्तरं ऐकून माझं डोकं फिरतं. येईपर्यंत बसतो म्हटलं आणि दगडावर ठाण मांडलं. दुपारचे चार वाजले असतील. पलीकडे पॉवर प्लांटच्या चिमण्या धूर सोडत होत्या. पाणी जराही हलत नव्हतं. पाच हातांवर दुसरी काठी दगडांत रोवलेली होती. थोड्या वेळाने तिचा दोरा ताणला गेला. देवराव जागचा उठला नाही. पाण्याकडे बघून हळूच म्हणाला, "थांब गा, साहेब बसले हायेत."

दोरा सैल पडला.

मला ते आवडलं नाही. काहीतरी करायचं म्हणून आमिष तपासायला घेतलं. देवरावच्या डब्यातली कणीक वाळून गेली होती. दुसऱ्या काठीजवळच्या डब्यात मुठीत दाबलेला ओला गोळा होता. त्यावर चार बोटं आणि अंगठा स्वच्छ उमटलेला. सहज मी माझी मूठ त्यावर ठेवून पाहिली. उजवी बसली नाही. डावी बसली. मग देवरावच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. त्याची दोन बोटं कधीकाळी मळणी यंत्रात गेलेली होती.

म्हणजे दुसरा माणूस इथे नक्की आहे, झुडपाबिडपामागे गेला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. गोळा फोडायचा राहिला. खरं म्हणजे हात धजेना. काठावरच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, 'महादेव, हजर. दोन मासे. नियमाप्रमाणे.' खाली सही ठोकली आणि झपाझप जीपकडे निघालो. मी घाबरलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

पंधरा दिवसांनी ऑफिसात एक बाई आली. सुनंदा, महादेवची बायको. तिच्या हातात माझ्या नोंदीची झेरॉक्स होती. महादेव सात वर्षांपूर्वी त्याच तलावात बुडाला होता. प्रेत सापडलं नव्हतं. अशा वेळी सात वर्षं तो माणूस कुणालाच जिवंत दिसला नाही, तर कोर्ट त्याला मेला असं धरतं. त्याशिवाय शेतातला त्याचा हिस्सा मुलीच्या नावावर होत नव्हता. मुदत भरल्यावर सुनंदा कोर्टात गेली, तर भाऊ जिवंत आहे म्हणून देवरावने माझी नोंद पुढे ठेवली. भावाचा परवाना तोच दरवर्षी रिन्यू करून घ्यायचा आणि आम्ही न बघता शिक्का मारायचो. हे सगळं शेत अडवायला, की भाऊ येतो असं त्याला खरंच वाटत होतं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

आमच्या साहेबांनी बोलावून घेतलं. "पाहिलं होतं का त्याले?"

"नाही सर."

"मग हजर काहून लिहिलं?"

गोळ्यावरची मूठ कागदावर मांडता येत नाही. मी अॅफिडेव्हिट दिलं, की महादेवला मी पाहिलेलं नाही, नोंद चुकीची आहे. नियमाप्रमाणे ते दोन मासे देवरावच्या नावावर चढले आणि त्याचा परवाना मीच रद्द केला.

अॅफिडेव्हिटची प्रत सुनंदाच्या हातात दिली, तेव्हा मला राहवलं नाही. देवरावला कणीक तुम्ही भिजवून देता का, असं विचारलं.

"मी तं माहेरीच हाओ साहेब, सात वर्सं झाले. काहून?"

मी गोळ्यावरच्या ठशाचं सांगितलं.

"डाव्या हाताचा होता का? ते डावखुरे होते."

हो म्हटलं असतं, तर तिने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला असता आणि तलावावर जाऊन बसली असती. मुलीचा हिस्सा तिथेच संपला असता.

"लक्षात नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि गेली. पुढे मुलीच्या नावावर शेत झालं.

तेव्हापासून मी रजिस्टरमध्ये डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं. नवीन इन्स्पेक्टर आले की त्यांनाही तेच शिकवायचो. आणि सांगायचो, की आमिष तपासायचं तर गोळा सरळ फोडावा. त्यावर मूठ ठेवून बघू नये.