मैनाबाईची पौर्णिमा

महिन्यातला एक तरी दिवस तुमचा स्वतःचा आहे का? रविवार सांगू नका. रविवारी तुम्ही कपडे धुता, लग्नं उरकता, नाहीतर मोबाइल घेऊन लोळता. मी विचारतोय तो दिवस, ज्या दिवशी कोणीही बोलावलं तरी तुम्ही ‘येत नाही’ म्हणाल, आणि कारण सांगताना मान खाली घालणार नाही.

असा दिवस असलेली एक बाई मला माहीत आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, भाजीबाजाराच्या तोंडाशी बसते. मैनाबाई. वांगी, पालक, मिरच्या आणि सांबार, ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात. बावीस वर्षं तीच जागा.

माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं. तिचा बाप बुधाजी छप्पन साली चौदा वर्षांचा होता. वडिलांच्या मागे नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परत आला. घरातले देव गेले, सोमवार-गुरुवारचे उपास गेले. म्हातारपणी तो लेकीला म्हणायचा, “जुने दिवस सोडले, चांगलं केलं. पण आपला दिवस कोणता, हे कोणी बसून सांगितलं नाई पोरी.”

ते तिच्या डोक्यात राहिलं. चाळिशीत विहारातल्या भंतेजींकडून कळलं की पौर्णिमेला पांढरं पातळ नेसून अष्टशील, म्हणजे वागण्या-बोलण्याचे आठ नियम, घ्यायचे, दिवसभर विहारात बसायचं, वाचायचं, स्वतःकडे बघायचं. मैनाबाईनं लगेच ठरवलं. पहिल्याच पौर्णिमेला दिवसभर कडकडीत उपाशी राहिली, संध्याकाळी चंद्र पाहून साबुदाण्याची उसळ खाल्ली आणि मोठ्या अभिमानानं भंतेजींना सांगायला गेली. भंतेजी हसले. म्हणाले, “बाई, उलटं केलं तुम्ही. दुपारी बाराच्या आत पोटभर जेवायचं. मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत काही नाही.” आपल्यात ही चूक घरोघरी होते. देव घराबाहेर काढले तरी साबुदाणा स्वयंपाकघरात तसाच राहिला. मैनाबाईनं तो त्या दिवशी काढला.

तिच्या जागेला लागून अब्दुल रहीम कुलपं-किल्ल्या दुरुस्त करतात. ते चिडवायचे, “मैनाबाई, तुमचं बारा वाजता बंद होते, रमजानात आमचं सूर्य बुडल्यावर चालू होते. दोघांचा मिळून एक डबा पुरते.” पण दर पौर्णिमेला पहाटे आपली हत्यारांची पेटी तेच तिच्या जागेवर नेऊन ठेवायचे. कारण बाजाराचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी सातपर्यंत जागेवर काही दिसलं नाही, तर जो बसेल त्याची.

गेल्या माघ पौर्णिमेला रहीमभाई भाचीच्या, नगमाच्या लग्नाला अकोटला गेले होते. पेटी ठेवायला कोणी नव्हतं. सव्वासात वाजता जमुना नावाची नवी बाई तिथं पोतं अंथरून मोकळी झाली.

मला कळलं तेव्हा डोकं सटकलं. माझं लवकर सटकतं. तडक विहारात गेलो. मैनाबाई भिंतीला टेकून पुस्तक वाचत होती.

“मैनाबाई, जागा गेली. चाला लवकर.”

तिनं पुस्तकात बोट ठेवलं. “कोण बसलं?”

“जमुना. दहा पोट्टे घेऊन येतो, आत्ता उठवतो तिले.”

“भाऊ, आज माया तोंडातून वाकडा शब्द निघाला नाई पायजे. तुमच्या तोंडातून माया नावानं निघाला तरी तो मायाच. उद्या पाहू.”

“उद्या तिची जागा पक्की होते ना. बावीस वर्षं मातीत घालून राहिल्या तुमी.”

“अकरा वाजले,” ती म्हणाली. “बाराच्या आत जेवाचं हाय. तुमी जेवता का?”

मी रागानं निघून आलो. आज लिहायला लाज वाटत नाही: मी आयुष्यात मोर्चे काढले, पण बावीस वर्षांची भाकर समोरून जात असताना एक दिवस शब्दाला जागून असं बसणं मला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी बाजारात हजर. जमुना आधीच बसलेली. मैनाबाई आली, डोक्यावरची टोपली उतरवली.

“जमुना, ऊठ.”

“काहून? जागा रिकामी होती.”

“रिकामी नव्हती. काल पौर्णिमा होती. साऱ्या बाजाराले ठाऊक हाय मी त्या दिवशी कुठं असतो. आज ऊठ.”

आवाज चढला नाही. पण आजूबाजूच्या बायांनी माल लावणं थांबवलं, आणि त्या सगळ्या जमुनाकडं बघू लागल्या. जमुना उठली. पोतं गुंडाळताना पुटपुटली, “गावाकडून आलो मी. बसाले जागाच नाई कुठं.”

मैनाबाई म्हणाली, “मंग पौर्णिमेले तू बसत जाय इथं. वर्षाचे बारा दिवस तुये. बाकी दिवस माया बाजूले दोन हात सरकवून देतो.”

जमुनानं बोटं मोजली. “औंदा अधिक महिना हाय. तेरा होतात.”

“तेरा घे.”

रहीमभाई अकोटहून परतले, सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे माया पेटीची नोकरी गेली.”

त्या दिवशी मला कळलं, मैनाबाईचा दिवस कोणाच्या पेटीवर उभा नव्हता. ती जागा सोडून विहारात जात होती तेव्हाही जागा तिचीच होती, कारण कुठं जाते ते तिनं कधी लपवलं नाही. आमच्या वस्तीत अशी बाई आहे, हे मी छाती ठोकून सांगतो.

आता तुम्ही एवढं करा. घरातलं कॅलेंडर काढा, पुढच्या पौर्णिमेवर पेनानं गोल करा, आणि ज्यांच्या हाताखाली काम करता त्यांना आजच सांगून ठेवा की त्या दिवशी तुम्ही येणार नाही.