माणशी दोन रॉड

मला मासे खायला आवडतात. पकडायची हौस मला कधीच नव्हती. तरी माझ्या नावावर मासेमारीचं लायसन्स आहे, कारण आमच्या ह्यांना एकाच वेळी चार रॉड पाण्यात हवे होते आणि आमच्या लायसन्सवर माणशी दोनच चालतात. थोडक्यात, इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी दोन जादा रॉडची सोय म्हणून बोटीत बसले.

खूळ सुरू झालं ह्यांच्या रिटायरमेंटनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. बाहेर कार्डिफचा पाऊस आणि आत टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ अमेरिकन माणसांचे व्हिडिओ. बोटीच्या नाकावर सात-आठ रॉड पंख्यासारखे पसरलेले, प्रत्येक रॉड आपापल्या होल्डरमध्ये खोचलेला, मोटर जेमतेम चालू, आणि दोन धिप्पाड पुरुष खुर्चीत बसून रॉडच्या टोकांकडे बघतायत. टोक वाकलं की मासा. मासा कुठला, तर क्रॅपी. आठवडाभर त्याचं कौतुक ऐकून घेतल्यावर मी फोनवर शोधलं, तर हा मासा या देशात मिळतच नाही. तसं मी सांगितलं. पर्च मिळतो ना, हे म्हणाले, पद्धत तीच. पद्धतीवर ह्यांचा जीव का जडलाय, ते मला पहिल्याच व्हिडिओत कळलं होतं. त्यात रॉड हातात धरावा लागत नाही.

ह्यांचा उजवा हात हलतो. काम करताना फारसा नाही. मांडीवर नुसता ठेवला की अंगठा आणि बोट आपलं आपलं चालू होतं, तंबाखू मळत असल्यासारखं. जन्मभर सर्जन म्हणून काम केलेल्या माणसाला हे दिसत नव्हतं, असं मी कसं मानायचं? रिटायर व्हायच्या आधीच ह्यांनी ऑपरेशनं बंद केली होती. पेपरवर्कचा कंटाळा आला, असं सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलंही. मी जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, जा म्हटलं की कधी कॉफी जास्त झालेली असायची, कधी थंडी असायची, आणि मी फारच लावून धरलं की ठेवणीतला प्रश्न यायचा, डॉक्टर कोण आहे, तू की मी? मी कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात आयुष्य काढलं. त्या एका प्रश्नानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मुलगी लंडनला असते. एकदा व्हिडिओ कॉलवर तिनं तिच्या मोडक्या मराठीत सरळच विचारलं, "आई, बाबांची हात का हलते? हॅज ही सीन समवन?" ह्यांनी फोन शांतपणे टेबलावर पालथा घातला आणि चहा टाकायला गेले.

मग रॉड आले. होल्डर आले, बोटीच्या काठाला स्क्रूनं आवळायचे. बारीक रंगीत जिग आले, म्हणजे डोक्याशी शिसं आणि मागे रबरी शेपूट असलेले गळ. जिग दोऱ्याला बांधायचं काम माझ्याकडे आलं. चष्मा बदलायला झालाय, म्हणे. बदला ना मग, मी म्हटलं. तळ्यांना फोन करायचं कामही माझंच. चालत्या बोटीतून गळ ओढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, हे मला अनेकांनी अगदी गोड आवाजात समजावलं. शेवटी आमच्यापासून तासाभरावरचा एक शेतकरी त्याच्या तळ्यावर हो म्हणाला. अट एकच, मोटर चालणार नाही, त्याचीच बोट घ्यायची आणि वल्हवायची. आता ह्यांना टोकांवर लक्ष ठेवायचं होतं, म्हणजे वल्हवणार कोण ते ठरलेलंच होतं.

पहिल्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. वल्हवणारा माणूस बोटीच्या शेपटाकडे तोंड करून बसतो, आणि ह्यांनी व्हिडिओत होते तसे चारही रॉड नाकावर लावलेले. म्हणजे मासे, रॉड आणि नवरा, सगळं माझ्या पाठीमागे. मागून नुसत्या सूचना. हळू. अजून हळू. थांबू नकोस. थांबलं की जिग तळाच्या चिखलात रुततात, जोर लावला की दोरे तिरपे होऊन वर तरंगतात. मधला वेग काही मला सापडेना. त्यात आडवा वारा आला, बोट गर्रकन फिरली आणि चारही दोऱ्यांची एक वेणी झाली. ती सोडवत बसले मी. हे दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून मला कुठला दोरा आधी सोडवायचा ते सांगत होते. मासा एकही नाही. घरी येताच मी बूट दाराशी भिरकावले आणि सरळ झोपायला गेले, आणि ह्यांना वाटलं मी दमले.

तरीही पुढच्या आठवड्यात गेलो, आणि त्याच्या पुढच्याही. का गेले, तर घरी राहून मी काय करणार होते? सोफ्यावर बसून तो हात बघणार होते. बोटीत निदान भांडायला दुसरं काहीतरी होतं.

जरा जमलं ते माझ्या वैतागातून. एका दिवशी मी ह्यांना उठवलं आणि रॉड, होल्डर, खुर्ची सगळं शेपटाकडे, माझ्यासमोर हलवायला लावलं. मग वल्ही ओढायच्या ऐवजी ढकलायला लागले. बोट उलटी, शेपटाच्या दिशेनं चालली. शेपूट सपाट असल्यामुळे ती पाण्याला अडते आणि कितीही जोर लावला तरी रखडतच जाते. आम्हाला रखडतच जायचं होतं. वाऱ्याला सामोरं धरलं की फिरतही नव्हती. असं कुणी करत नाही, हे म्हणाले. मी म्हटलं, क्रॅपी नसलेल्या देशात क्रॅपीची शिकारही कुणी करत नाही.

त्या दिवशी पर्च मिळाला. वीतभर, अंगावर काळसर पट्टे, लाल पर. हे पोराटोरांसारखे खूश झाले. मासा पाण्यात सोडला, जिग नीट आहे ना बघून परत टाकला आणि तो रॉड तसाच मांडीवर ठेवला. मी ढकलत होते. समोर चार टोकं. तीन गप्प, आणि ह्यांच्या मांडीवरच्या रॉडचं टोक हलायला लागलं. बारीक, भराभर. त्याचा दोरा बोटीच्या काठावरून पाण्यात लोंबत होता.

"अहो, लागलाय," मी म्हटलं. "ओढा ना."

हे ओढेनात. टोक हलतच होतं. मला वाटलं, लागलेला मासा हा माणूस घालवणार.

"मासा नाहीये," हे म्हणाले. "हात आहे."

त्यांनी रॉड उचलून होल्डरमध्ये ठेवला. टोक थांबलं. पुन्हा काढून मांडीवर घेतला. टोक सुरू झालं. ते वाकून त्या टोकाकडे बघत होते, पेशंटकडे बघायचे तसे, आणि मी त्यांच्याकडे. मग रॉड होल्डरमध्ये परत गेला आणि हात उघडाच मांडीवर राहिला. खिशात गेला नाही.

मी विचारलं, कधीपासून? तुला माहीत आहे, ते म्हणाले. मी म्हटलं, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मग ते बोलले. ऑपरेशनं सोडली तेव्हापासून. त्याच्याही थोडं आधीपासून. मला बरं वाटायला हवं होतं, इतके दिवस हेच तर ऐकायचं होतं. मला इतका संताप आला की मी वल्ही सोडून दिली.

"आधी कळून काय झालं असतं?" ते म्हणाले. "या आजारात पुढे काय काय होतं ते मला पाठ आहे. त्यात घाईचं काय होतं?"

"इतके दिवस मी एकटी घाबरत होते," मी म्हटलं. "ते झालं नसतं."

बोट वाऱ्यानं आडवी व्हायला लागली, पण दोघांनीही तिकडे बघितलं नाही. मग ते म्हणाले, सोमवारी सकाळी आठला अपॉइंटमेंटची लाइन उघडली की जीपीला तू फोन लाव. मी नाही म्हटलं. फोन तुम्ही लावायचा, फोनवरच्या रांगेत तुम्ही थांबायचं आणि काय होतंय ते तुम्ही सांगायचं. मी शेजारी बसेन.