ऐंशी मोड

काल मी शिकवते त्या चौथीच्या वर्गात ओलं गोणपाट उलगडलं आणि त्या उबट, आंबूस वासानं मला थेट लहानपणीच्या धामणगाव बढेच्या शाळेत नेऊन बसवलं.

शाळा उघडल्या उघडल्या, बियाणं किती उगवतं ते पेरणीआधी तपासायला बाईंनी प्रत्येकाला घरचं पेरणीचं सोयाबीन आणायला सांगितलं होतं. शंभर-शंभर दाणे आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी मोड मोजायचे आणि बाई फळ्यावर वडिलांच्या नावापुढे आकडा लिहिणार. सगळ्यांचे सत्तरच्या वर. माझे चाळीसही नव्हते. बाकीचे दाणे बोटांना बुळबुळीत लागत होते. मला ते नापास झाल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "ऐंशी." वर्गानं टाळ्या वाजवल्या.

बाबांनी तेच बियाणं पेरलं. वावर विरळ उगवलं, मधेमधे नुसती काळी माती. शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "बियाणंच खराब असन, भाऊ."

बाबा उसळले, "खराब कसं राहीन? माह्या पोरीनं शायेत मोजलं होतं!"

मी त्यांच्या मागेच उभी होते. खरा आकडा सांगितला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बाबा आता नाहीत. शेवटपर्यंत त्यांनी दोष आपल्या मातीलाच दिला.