जादूच्या सिनेमात चुका काढणारे

किस्से कोणी जमवत नाही, ते रद्दीसारखे आपोआप साचतात. समीरची पुण्याला बदली झाल्यापासून माझं कामात लक्ष नाही. मीटिंगमध्येसुद्धा एकेक आठवत राहतो.

कोलकात्यात आमचा चौघांचा कंपू. देवधरकाका आणि काकू इथेच जन्मलेले. समीर आणि मी न्यू टाउनचे आयटीवाले. दर शनिवारी दुपारी काकांच्या घरी राक्षसांचे, जादूगारांचे सिनेमे. नियम एकच: चूक दिसली की हात वर करायचा. मग सिनेमा थांबतो आणि भांडण सुरू होतं.

त्यामुळे आजवर एकही सिनेमा पुरा झालेला नाही. काकू यावरून कायम चिडलेल्या. "एकाचा तरी शेवट बघू द्या, मेल्यांनो!"

बदलीचं कळलं तेव्हा मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे शनिवार संपले." समीर गेल्यावर मी एकटा कितीसा येणार, हे त्यांनी ओळखलं होतं. मलाही ते आतून टोचत होतं.

*

काकांचा जन्म गेला खिदिरपूरच्या गोदीत. एका सिनेमात संध्याकाळी जहाजावर अख्खी फौज चढली, हत्तींसकट. सकाळी बघतो तर जहाज पाण्याच्या वर होतं तेवढंच, बोटभरही खाली बसलेलं नाही. काकांचा हात वर!

समीर म्हणाला, जादूचं जहाज आहे ते.

"असू दे. हत्तींचं वजन गेलं कुठे?"

चहा दोनदा झाला, हत्ती काही सापडले नाहीत.

*

समीरच्या मते जादूच्या जगात चूक होऊच शकत नाही. बोटभर मेणबत्ती पुढच्या क्षणी वीतभर झाली? वाढली असेल. मेलेला शिपाई मागे उभा? उठला असेल.

एकदा नायक आठवडाभर चिखलातून घोडा दौडवत आला आणि अंगात पांढराशुभ्र सदरा. काका आणि मी समीरवर तुटून पडलो. काकू भाजी निवडत होत्या.

"धुणारी असेल की कोणी. ती दाखवत नाहीत, एवढंच."

*

समीरने प्रोजेक्टर आणला त्या दिवशी राणीची जखम डाव्या गालावरून उजव्यावर गेली. आधीचा भाग आम्ही टीव्हीवर पाहिला होता, त्यात ती नक्की डावीकडे होती. तासभर कडाक्याचं भांडण. काका तर रुसून गॅलरीत जाऊन बसले.

"पण आज सगळी फौजच डावखुरी कशी?" काकूंनी विचारलं.

प्रोजेक्टरचं सेटिंग उलटं होतं. सुरुवातीची नावं आम्ही नेहमीच पळवतो, नाहीतर तिथेच कळलं असतं.

*

गेल्या शनिवारी समीरचा शेवटचा सिनेमा. रविवारी सकाळचं विमान. आज काकूंसाठी सिनेमा पुरा करायचाच, असं आम्ही तिघांनी जिन्यातच ठरवलं.

मुकुटातला लाल खडा हिरवा झाला. काकांनी हात मांडीखाली दाबून धरला. समीर पंख्याकडे बघत बसला. मला तर एका जागी बसवेना, उगाचच दोनदा पाणी पिऊन आलो.

अखेर राजकन्या सिंहासनाच्या पायऱ्या चढू लागली. आता दोन-चार मिनिटंच उरली असतील.

काकूंचा हात वर गेला.

"थांबवा."

समीरने थांबवलं. "काय चुकलं, काकू?"

"शोधा तुम्ही," काकू उठत म्हणाल्या. "मी चहा टाकते."