देवराई झाडून काढायला निघालो होतो

मित्रांनो, आज सकाळी पनवेलजवळची एक देवराई थोडक्यात वाचली. धोका माझ्याच जिभेपासून होता.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत मी स्वच्छतेवर तासभर गरजलो आणि देवराईची सफाई ठरली. आज वीसेक रहिवासी खराटे घेऊन देवराईत हजर! मी पोहोचेपर्यंत झाडांखालचा पाचोळा लोटून ढीग रचले होते आणि सेक्रेटरींनी काडेपेटी काढली होती.

"थांबा! हे जंगलाचं जेवण आहे. बुरशी, गांडुळं पानं कुजवतात, तेच मुळांना मिळतं..."

"सर, एक काडी शिल्लक ठेवू नका, असं तुम्हीच म्हणालात ना?"

तेवढ्यात गावच्या हिरामावशी देवाला दिवा लावायला आल्या. "कोनी सांगितला रं झारायला?"

"मावशी, तुम्ही पण शेतात पाला-काड्या पेटवून राब भाजता की," सेक्रेटरी म्हणाले.

"आमच्या शेतान भाजतो. देवाच्या रानातली काडी आमी चुलीला पन नेत नाय." त्यांनी ढिगाखालची काळी, ओलसर माती मूठभर उचलून सेक्रेटरींच्या नाकाशी धरली. "वास घे. हितं खत घालाया कोन येतो?"

सेक्रेटरींनी खरंच वास घेतला. मग स्वतःच ढीग पसरायला लागले. आम्हीही वाकलो. काडेपेटी मावशींनी मागून घेतली आणि देवापुढे दिवा लावला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी त्याच व्यासपीठावरून मी माझे शब्द मागे घेणार आहे. तुमच्या अंगणातली पानं आज कुठे गेली?