चढायची तालीम

नवरा जहाजावर इंजिनिअर. वर्षातले सात-आठ महिने तो समुद्रावर आणि मी इथे सिंगापुरात, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये. रजेवर आला की पुणं, नातेवाईक, लग्नं-मुंजी. त्यामुळे त्या वर्षी त्याने जहाजावरून फोन करून "डिसेंबरात स्पेनच्या डोंगरांत चालायला जाऊ, दोघंच," म्हटलं तेव्हा मी हरखूनच गेले. पण तेवढ्यावर गप्प बसेल तर तो नवरा कसला! पुढे म्हणाला, "तुला चढ झेपायचा नाही. तू खाली गावात कॉफी पी, मी वर जाऊन येईन."

अस्सा संताप आला! अरे, वर्षभर तू तिकडे न् मी इकडे, आता सुट्टीतही तू वर न् मी खाली? मग लग्न केलंस कशाला? काही झालं तरी याच्याबरोबर माथ्यावर जायचंच, असं मी ठरवून टाकलं.

सिंगापुरात डोंगर नावालाच. मी आमच्या बारा मजली ब्लॉकचा जिना धरला. पायांत नवे जाडजूड बूट, पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाची पिशवी. घामाने नुसती आंघोळ! शेजारची चिनी आंटी रोज कळवळून विचारायची, "लिफ्ट स्पॉइल आ?" म्हणजे, बिघडली का? वर पोचले की मी लिफ्टने खाली यायचे आणि पुन्हा चढायला लागायचे. लिफ्टमधून हसतमुखाने बाहेर पडताना मला पाहिलं, की आंटी कपाळाला हात लावायची.

स्पेनमध्ये पहिल्याच दिवशी मी तरातरा चढले. गार वारा कान कापत होता, पण मला कसली थंडी! मागून नवरा धापा टाकत ओरडत होता, "अगं, थांब की जरा!" माथ्यावर बसून मी त्याला बेसनाचा लाडू दिला, तोही उपकार केल्यासारखा.

मग उतरायला लागलो. दगडी पायऱ्यांची उभी वाट, सावलीत बर्फाचा पापुद्रा. थोडं उतरले नाही तोच मांड्या थरथरायला लागल्या आणि मी मटकन खालीच बसले. उतरायची सवय होती कुठे मला!

"मी लिफ्टने यायचे रे खाली," मी रडकुंडीला येऊन सांगितलं. म्हटलं, झालं, उद्यापासून आपण आणि कॉफी.

तो इतका हसला, इतका हसला, की त्याला डोळे पुसावे लागले. मग खालच्या पायरीवर उतरून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले.

"अरे, उलटा उतरलास तर पडशील!"

"इंजिनरूमच्या शिड्या रोज उलटाच उतरतो मी. तू फक्त माझ्याकडे बघ."

लग्नापासून हा माणूस मी जास्त करून पाठमोराच पाहिलेला, विमानतळावर बॅग ओढत आत जाताना. आज तो माझे दोन्ही हात धरून, पायाने पायरी चाचपत, माझ्याकडे बघत उतरत होता. मला बाई रडूच फुटलं.

गाव आलं, वाट सपाट झाली. "उद्या जरा हळू चढ हं, मला दम लागतो," तो म्हणाला. "आणि आता सोड हात, जमेल तुला."

"गुडघे दुखतायत अजून," मी म्हणाले. दुखत कसले होते! पण हात काही सोडले नाहीत.