सदतिसावा फोटो

नागोयाला आमच्या वॉर्ड ऑफिसात आठवड्यातून दोनदा जपानीचा फुकट वर्ग भरायचा. तिथे माझ्या शेजारी बसणारी बाई चेहऱ्याने अस्सल जपानी आणि जपानीत माझ्याहून ढ. तिचे आजोबा इथून पेरूला गेलेले. ती जन्मली, वाढली अँडीजच्या डोंगरातल्या एका लहानशा गावात आणि आता इथे जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात कामाला होती. दुकानदार तिच्याशी भडाभडा बोलायचे आणि उत्तरं द्यायची मी, कपाळाला टिकली लावलेली. आमची मैत्री जमली ती या गमतीवरच.

गावाबद्दल बोलायला लागली की ती मोडक्या जपानीतही थांबायची नाही. खोल दरी, उतारावरची मक्याची शेतं, दोन तास चढून गेलं की निळं तळं आणि त्यात बर्फाचा डोंगर उलटा. मी भान हरपून ऐकायची. एक दिवस तिने कबूल केलं की चार वर्षं ती आईला पत्रांतून थापा मारतेय: माझ्या खिडकीतून आपल्यासारखाच डोंगर दिसतो, सुट्टीला मी तळ्यावर जाते. खिडकीतून दिसायचं ते पार्किंग. आता आईला मोतीबिंदू झाला होता आणि जवळपास ऑपरेशनची सोय नव्हती. शेवटच्या पत्रात आईने शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं, दिसतंय तोवर तुझ्या डोंगराजवळचा तुझा फोटो पाठव.

मी तिथल्या तिथे ठरवलं, असाच डोंगर आणि तळं गाठून हिचा फोटो काढायला जायचंच. नवऱ्याला रविवारीही प्लांटवर जावं लागायचं. त्याने कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "उगाच सटासट काढत सुटू नकोस." मला लहान मुलीसारखं सांगितलेलं अजिबात आवडत नाही, त्यामुळे ते मी ऐकलंच नाही.

ऑक्टोबरअखेरच्या एका शनिवारी आम्ही डोंगरातल्या ताकायामा गावाची गाडी पकडली. नदी कधी डाव्या खिडकीत यायची, कधी उजव्या, आणि मी दोन्हीकडे पळत होते. हिरवंगार पाणी, लाल झालेली झाडं, झुलता पूल. ताकायामात काळ्या लाकडाची घरं, वळचणीला वाळत टांगलेल्या केशरी पर्सिमॉन फळांच्या माळा, सकाळच्या बाजारात सफरचंदं विकणाऱ्या आज्या. मी अखंड बडबडत होते आणि इतकी खुशीत होते की लग्नानंतर पहिल्यांदाच माझं कोणी ऐकत नाहीये याचं मला काही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बस घाटात शिरली. एकेका वळणाला मी उठून उभी राहायची आणि कॅमेरा काचेला लावायची. मैत्रीण मात्र जागची हलली नाही. खिंडीत पोचल्यावर तिने आवंढा गिळला आणि हसली. "कान दडले," म्हणाली, "घरी जाताना असेच दडतात."

तळ्यावर पोचलो तर डोंगर गायब. नुसते ढग. आम्ही काठावर बसून माझ्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. दीड तास गेला. परतीच्या बसला अर्धा तास उरला आणि ढग वर सरकले. आधी कडे, मग बर्फ, मग सगळा डोंगर पाण्यात. मला रडूच आलं, इतकं ते सुंदर होतं. तिने केस विंचरले, स्वेटरची बटणं लावली आणि काठावर जाऊन ताठ उभी राहिली.

कॅमेऱ्याचा खटका फिरेना. आकडा छत्तीसवर होता. दुसरा रोल नागोयात, फ्रिजच्या दारात, लोण्याच्या डब्याशेजारी.

मी तिला सांगितलं. ती स्वेटरची बटणं काढायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

शेजारीच एक म्हातारं जोडपं स्टँडवर कॅमेरा लावून बसलं होतं. वर्गात शिकलेलं होतं नव्हतं तेवढं जपानी गोळा करून मी आजोबांना सगळं सांगितलं, थापांसकट. त्यांनी लगेच कॅमेरा वळवला आणि मलाही हाताने आत बोलावलं. मी नको नको म्हणत तिच्या शेजारी उभी राहिले. आजींनी वहीत तिचा पत्ता लिहून घेतला.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. आजोबांनी आम्हाला इतकं जवळून टिपलं होतं की फोटोभर आमचे दोन चेहरे, आणि डोंगर म्हणजे तिच्या कानामागे पांढरी रेघ. माझ्या छत्तीस फोटोंत डोंगर, नद्या, पूल सगळं होतं, पण ती कुठेच नव्हती. एका फोटोत तिचं कोपर होतं. तिने निराश होऊन आजोबांनी काढलेलाच फोटो आईला पाठवला.

उत्तर यायला दोन महिने लागले. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने ते मला जपानीत समजावून सांगितलं. फोटो खिडकीशी धरून आईने बराच वेळ पाहिला होता. डोंगराबद्दल एक अक्षर नव्हतं. लिहिलं होतं, "किती वाळलीस गं. ती कपाळावर ठिपका लावलेली बाई तुझ्याजवळ राहते का? तिला म्हणावं, हिला जेवायला घाल."

वाचताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मी उठून कुकर लावला.